बाजार भरल्यावरच पावती फाडावी

दिवाळीच्या प्रदर्शनांचे अर्ज आमच्याकडे आषाढातच येतात. जूनअखेरीस किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात आयोजकांचा निरोप येतो. त्यासोबत जागेचा नकाशा असतो, कोपऱ्यावरच्या आणि मधल्या स्टॉलचे वेगवेगळे दर असतात, आणि सर्वांत खाली लिहिलेले असते की संपूर्ण रक्कम अमुक तारखेपर्यंत भरावी व भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत केली जाणार नाही. मी लिनोकटचे छापे करते, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र खोदून ठसा बनवते आणि त्याला शाई लावून चित्र कागदावर उमटवते. त्यांच्यापासून वह्या, शुभेच्छापत्रे आणि दिनदर्शिका तयार करते, आणि पुणे, मुंबई, ठाणे व अधूनमधून पणजी येथील कलाबाजारांत ते सगळे विकून घरखर्चातला माझा वाटा उचलते. जुलै महिन्यात दिवाळीचा एकही छापा माझ्या टेबलावर तयार नसतो, कारण पावसाळी हवेत तेलाची शाई लवकर वाळत नाही आणि कागद ओल धरून वाकतो. म्हणजे माल अजून ठशातच आहे, गिऱ्हाईक चार महिने दूर आहे, पण जागेचे पैसे मात्र आजच मोजायचे आहेत.

ही पद्धत आता इतकी रुळली आहे की तिच्यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नाही. मला मात्र ती चुकीची वाटते. कोणत्याही बाजारात धोका असतोच. पाऊस पडतो, गर्दी होत नाही, लोक पाहून निघून जातात. हा धोका कोणी किती उचलायचा, हा खरा प्रश्न आहे. सध्याच्या कलाबाजारांत तो जवळजवळ सगळाच ज्याच्याकडे भांडवल सर्वांत कमी आहे त्याच्या, म्हणजे एकट्याने काम करणाऱ्या कलावंताच्या डोक्यावर ठेवला जातो. हे बदलता येण्यासारखे आहे, आणि ते कसे बदलावे याचा नमुना आपल्याच आठवडी बाजारांत शेकडो वर्षे आपल्या डोळ्यांसमोर आहे.

आधी हिशेब मांडते, कारण कलेच्या गप्पांमध्ये तो नेहमी मागे पडतो. पुण्यातल्या मध्यम दर्जाच्या एखाद्या प्रदर्शनात तीन दिवसांसाठी सहा फूट रुंदीचा स्टॉल समजा अठरा हजार रुपयांना मिळाला. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. माझ्यासारख्या नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला त्याचा परतावा मिळत नाही, त्यामुळे जागेचा खर्च २१,२४० रुपये होतो. जादा दिवे आणि एक टेबल यांचे १,५०० रुपये, टेम्पोच्या जाण्यायेण्याचे २,४००, मदतनीस मुलीचे तीन दिवसांचे २,४००, तिच्या आणि माझ्या जेवणाचे व पार्किंगचे ९००, पिशव्या व पुठ्ठे यांचे १,२००. एकूण २९,६४० रुपये झाले. तीन दिवसांत विक्री ४६,००० रुपयांची झाली तर माझ्या ओळखीच्या बहुतेक कलावंतांच्या मते प्रदर्शन चांगले गेले असे म्हणायचे. त्यातून कागद, शाई, लिनोलियम, माउंट आणि फ्रेम यांचा सुमारे तीस टक्के खर्च, म्हणजे १३,८०० रुपये वजा करावेत. हातात २,५६० रुपये राहतात. तीन दिवसांचे अकरा-अकरा तास, मांडणी आणि आवराआवरीचे सात तास आणि त्या मालासाठी आधी घरी केलेले साठ तासांचे काम मिळून शंभर तास धरले, तर तासाला साडेपंचवीस रुपये पडतात. स्टॉलचे भाडे या हिशेबातून बाजूला काढले तर तोच आकडा तासाला २३८ रुपयांवर जातो. हे आकडे काल्पनिक वाटू नयेत म्हणून सांगते की माझ्या वहीतली पाने बहुतेक वेळा याहून फार वेगळी नसतात; काही चांगली, काही याहून वाईट.

या हिशेबात विक्रीच्या प्रत्येक शंभर रुपयांतले शेहेचाळीस रुपये जागेला गेले. कलादालनेही विक्रीतला साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा घेतात आणि त्याबद्दल चित्रकार नेहमी तक्रार करतात. पण कमिशन घेणारे दालन चित्र विकले गेल्यानंतर पैसे घेते. चित्र विकले गेले नाही तर दालनाचेही नुकसान होते आणि म्हणूनच ते विकले जावे यासाठी दालनाचा माणूस झटतो. कलाबाजारातला आयोजक शेहेचाळीस टक्के घेतो ते विक्री होण्याच्या चार महिने आधी, आणि विक्री शून्य झाली तरी त्याचा आकडा तोच राहतो. टक्केवारी सारखी असली तरी धोक्याची दिशा पूर्ण उलटी आहे.

हिशेबाबाहेरचे कामही मोजायला हवे. लोकांना स्टॉल दिसतो. त्यामागचा आठवडा दिसत नाही. एका ठशावरून मी तीस छापे काढते, प्रत्येक छापा लाकडी चमच्याने कागदाच्या पाठीमागून घासून उमटवते, आणि तिसाव्या छाप्यापर्यंत मनगट इतके दुखते की दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता येत नाहीत. त्यानंतर छाप्यांवर पेन्सिलने क्रमांक घालणे, पुठ्ठ्यावर चढवणे, किमतीच्या चिठ्ठ्या लिहिणे, खोकी भरणे. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आठला टेम्पो येतो, रात्री दहाला दिवे मालवतात, आणि शेवटच्या रात्री सगळ्यांचे टेम्पो एकाच वेळी फाटकापाशी येतात म्हणून घरी पोचायला एक वाजतो. मदतनीस नसेल तर स्वच्छतागृहाला जाण्यासाठी शेजारच्या स्टॉलवाल्या ताईंना विनवावे लागते. दिवसभर पाणी कमी प्यायचे ही या व्यवसायातल्या बायकांची नेहमीची सवय आहे, आणि तिचे परिणाम पुढे डॉक्टरांकडे दिसतात. दिवसातून वीस वेळा कोणीतरी म्हणते की ताई, हे तर प्रिंटरवर निघते, मग एवढे महाग का. दर वेळी शांतपणे ठसा दाखवायचा, खोदण्याची हत्यारे दाखवायची, छापा आणि छापील प्रत यांतला फरक सांगायचा. हे सांगणे मला मनापासून आवडते; तोच बाजाराचा सर्वांत मोलाचा भाग आहे असे मी मानते. पण भाडे वसूल होण्याची चिंता मनात असताना माणूस समजावून सांगण्याऐवजी विकायला लागतो, आणि हा बदल समोरच्याला लगेच कळतो.

आता आठवडी बाजाराकडे पाहू. तालुक्याच्या गावात सोमवारी किंवा शनिवारी बाजार भरतो. विक्रेते पहाटे येतात, गोणपाट अंथरतात, भाजी, मडकी, सुपे, दोरखंड मांडतात. बोहनी होते. मग केव्हातरी सकाळी वसुलीचा माणूस फिरत येतो, अंथरलेल्या जागेच्या मानाने ठरलेली रक्कम घेतो आणि पावती फाडून देतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या कायद्यातच आठवडी बाजारावर फी बसवण्याची तरतूद आहे. गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो की दुसऱ्या गावचा, पालिका विक्रेत्यांकडून जी दिवसाची फी घेते तिला सोपो म्हणतात, आणि हा शब्द तिथल्या प्रत्येक कुंभारणीच्या आणि भाजीवालीच्या तोंडी आहे. या पद्धतीत दोष नाहीत असे नाही. अनेक ठिकाणी वसुलीचा ठेका लिलावाने दिला जातो, ठेकेदार ठरलेल्या दरापेक्षा जास्त उकळतो, सावली आणि पाण्याची सोय नसते. पण मूळ तत्त्व शहाणपणाचे आहे: जो आला त्याच्याकडून, ज्या दिवशी आला त्या दिवसापुरती, जेवढी जागा वापरली तेवढ्याची फी. पाऊस पडला आणि बाजार मोडला तर विक्रेत्याचा दिवस बुडतो, पण महिन्याची कमाई बुडत नाही. खेड्यातल्या कुंभाराला जी सवलत परंपरेनेच मिळते ती शहरात चिनीमातीची भांडी घडवणाऱ्या मुलीला मिळत नाही, आणि दोघांचे काम तर मातीचेच आहे.

आगाऊ भाड्याचा परिणाम केवळ कलावंताच्या खिशावर होत नाही. तो कलेवर होतो, आणि याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. एकवीस हजार रुपये तीन दिवसांत उभे करायचे असतील तर जे पटकन विकले जाईल तेच मांडावे लागते. दीडशे रुपयांचे फ्रीजवर चिकटवायचे चुंबक, शंभरची चावीची साखळी, दोनशेची कापडी पिशवी. माझ्या ओळखीत एक उत्तम जलरंग चित्रकार आहेत. त्यांनी दोन वर्षांत अर्ध्या कागदापेक्षा मोठे चित्र रंगवलेले नाही, कारण मोठे चित्र भिंतीवर जागा अडवते आणि आठवड्याला एकदाच विकले जाते. मी स्वतः सह्याद्रीतल्या पाणवठ्यांवर बारा मोठ्या छाप्यांची मालिका करायची ठरवली होती; तिचे तीन ठसे खोदून झाले आणि बाकीचे नऊ गेले चार हिवाळे मागे पडत आहेत, कारण प्रत्येक हिवाळ्यात आधी चुंबक आणि दिनदर्शिका पुऱ्या कराव्या लागतात. चुंबक वाईट असतात असे मी म्हणत नाही. लहान वस्तूंमुळे कमी पैशांत कोणालाही काहीतरी घरी नेता येते, आणि ते चांगलेच आहे. पण बाजारात काय मांडले जावे हे भाड्याच्या दराने ठरवले जाऊ लागले की सगळे स्टॉल हळूहळू एकसारखे दिसू लागतात.

यापेक्षाही गंभीर परिणाम कोण टिकतो यावर होतो. घाऊक बाजारातून माल आणून विकणाऱ्याला हे भाडे परवडते, कारण त्याचा माल तयार असतो, त्याला साठ तास खोदत बसावे लागत नाही आणि तो एका महिन्यात पाच शहरांत स्टॉल लावू शकतो. म्हणून हस्तकलेच्या नावाने भरलेल्या प्रदर्शनात दर वर्षी यंत्रावर बनलेल्या दागिन्यांचे आणि ठोक भावाने आणलेल्या शोभेच्या वस्तूंचे स्टॉल वाढत जातात. कलावंतांमध्येही टिकतो तो ज्याच्या घरात दुसरा ठरलेला पगार येतो. मी टिकले ते त्यामुळेच. माझे पती नोकरी करतात. माझ्याबरोबर इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसलेली आणि माझ्यापेक्षा किती तरी चांगले रेखाटन करणारी मैत्रीण कलाशिक्षण पूर्ण करूनही आज एका दुकानात हिशेब लिहिते, कारण दोन प्रदर्शनांत भाडेसुद्धा वसूल न झाल्यावर तिसऱ्यासाठी पैसे मागायला तिच्याकडे माणूस नव्हता. आगाऊ भरायच्या भाड्याने कलावंताची निवड त्याच्या हातावरून न होता त्याच्या घरातल्या दुसऱ्या मिळकतीवरून होते. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. पण परिणाम अन्यायाचा आहे.

सरकारच्या योजनांमध्ये हा माणूस कुठे बसतो हे पाहिले तर आणखी अडचण दिसते. बचत गटांतील ग्रामीण महिलांसाठी राज्याचा ग्रामविकास विभाग मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरवतो, आणि ते योग्यच आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. मूर्तिकार, कुंभार, टोपल्या-चटया विणणारे, पारंपरिक बाहुल्या आणि खेळणी बनवणारे यांना तिच्यात हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. वस्त्रोद्योग मंत्रालयाचे हस्तशिल्प आयुक्त कार्यालय कारागिरांना ओळखपत्र देते आणि त्यावर मेळ्यांत जागा मिळण्याची शक्यता असते. या सगळ्या योजना परंपरेने चालत आलेल्या कारागिरांसाठी आखलेल्या आहेत, आणि त्यांच्या वाट्याचे काही काढून आम्हाला द्यावे असे मी कधीही म्हणणार नाही. दुसऱ्या टोकाला कलादालनांचे चित्रकार आहेत. जहांगीर कलादालनात प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते, तरी त्यांच्यासाठी निदान एक ओळखीची वाट आहे. या दोहोंच्या मध्ये छापे काढणारे, चित्रकथा रेखाटणारे, हाताने पुस्तके बांधणारे, कागदाच्या लगद्याच्या वस्तू घडवणारे असे हजारो लोक आहेत, जे कारागीर म्हणून नोंदले जात नाहीत आणि चित्रकार म्हणून ओळखले जात नाहीत. फेरीवाल्यांसाठीचा २०१४ चा केंद्रीय कायदा त्यांच्या उपयोगी पडू शकेल का, हेही कोणी नीट तपासून पाहिलेले नाही. त्या कायद्यात शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे तत्त्व आहे, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावेत असे बंधन आहे. पण महिन्यातून दोनच दिवस विकणारा, बाकीचे दिवस घरी काम करणारा विक्रेता कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. मुंबईत काळा घोडा परिसरात जहांगीरच्या बाहेरच्या पदपथावर चित्रे लावून बसणारे चित्रकार अनेक वर्षे आपण पाहत आलो आहोत. मुंबईकरांच्या दृष्टीने ते त्या रस्त्याचे भूषण आहे, पण तशी दुसरी जागा शहराने त्यानंतर निर्माण केली नाही.

आयोजकांची बाजू मी जवळून पाहिलेली आहे, म्हणून ती सोडून देणे मला प्रामाणिक वाटत नाही. मैदानाचे भाडे, मांडव, जनित्र, सुरक्षारक्षक, पोलीस आणि अग्निशमन दलाच्या परवानग्या, जाहिराती यांचा खर्च त्यांनाही आधीच करावा लागतो. स्टॉल रिकामे राहिले तर तेही बुडतात. दादरच्या किंवा पार्ल्याच्या एखाद्या सभागृहात वर्षानुवर्षे प्रदर्शन-विक्री भरवणाऱ्या काही महिला आयोजक अशा आहेत की त्या प्रत्येक विक्रेतीला नावाने ओळखतात, जेवणाची वेळ झाली की स्टॉलवर स्वतः बसतात आणि एखादीची विक्री झाली नाही तर पुढच्या वेळी कमी भाडे लावतात. अशा लोकांबद्दल मला आदरच आहे. पण एकदा एका मोठ्या प्रदर्शनात, पहिल्याच दुपारी वळवाच्या पावसाने मांडव गळू लागला, कागदाचे स्टॉल असलेल्या आम्हा सहाजणींना माल झाकून बसावे लागले, दुसऱ्या दिवशी आम्हाला मैदानाच्या मागच्या बाजूला, शौचालयांच्या रांगेजवळ हलवले गेले, आणि भाड्यातून एक रुपयाही कमी झाला नाही. अर्जातली अट दाखवून आम्हाला सांगण्यात आले की सही तुमचीच आहे. तेव्हा मला जाणवले की चांगुलपणा आयोजकाच्या स्वभावावर सोडून चालणार नाही. तो अर्जातल्या अटींमध्ये लिहिलेला असला पाहिजे.

सार्वजनिक यंत्रणेने अशी जागा चालवली तर काय होते, याचे देशातले सर्वांत जुने आणि मोठे उदाहरण दिल्ली हाट आहे. १९९४ मध्ये आयएनए परिसरात, एका झाकलेल्या नाल्यावरच्या मोकळ्या जागेत हा बाजार सुरू झाला. त्याच्या कल्पनेमागे हस्तकलांसाठी काम करणाऱ्या जया जेटली यांचे मोठे काम होते. तिथली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याची वास्तू नाही. स्टॉल कोणाच्याही कायम मालकीचा नसतो आणि बहुतेक कारागिरांना तो पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने मिळतो, हा नियम आहे. गिऱ्हाईक दर पंधरवड्याला नवे काहीतरी पाहायला येते, आणि विक्रेत्याला वर्षभराचे भाडे बांधून घ्यावे लागत नाही. या बाजारालाही दोष आहेत. बनावट माल आणि दलाल तिथेही शिरले. २०२५ च्या एप्रिलअखेरीस तिथे लागलेल्या आगीत वीसहून अधिक स्टॉल जळाले, आणि ज्या कारागिरांचा वर्षभराचा माल त्यात गेला त्यांना विम्याचा आधार किती होता हा प्रश्न तेव्हा प्रकर्षाने पुढे आला. पाळीचा नियम, विमा आणि आगीपासून संरक्षण हे तीनही धडे आपण दिल्लीकडून घ्यावेत. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यानाच्या परिसरात दिल्ली हाटच्या धर्तीवर कलाग्राम उभारण्याचे काम महापालिकेने केले. पण माझे मत असे आहे की इमारतीच्या आधी अटी ठरवल्या पाहिजेत. चांगल्या अटी असतील तर शाळेच्या मैदानावरही बाजार उभा राहतो.

आणि महाराष्ट्राने हे एका क्षेत्रात करून दाखवले आहे. २०१६ पासून राज्याच्या कृषी पणन मंडळाने शहरांमध्ये संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार सुरू केले. शहरातली मोकळी जागा, आठवड्यातला एक ठरलेला वार, शेतकऱ्याने थेट गिऱ्हाईकाला विकायचे, आणि मधला दलाल नाही. ज्या विचाराने टोमॅटोला जागा दिली गेली त्याच विचाराने छाप्याला, मडक्याला आणि हाताने बांधलेल्या पुस्तकाला महिन्यातून दोन रविवार का देऊ नयेत? पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवशी वाहनांसाठी बंद ठेवते. म्हणजे शहरातला सर्वांत गजबजलेला रस्तासुद्धा एक दिवस माणसांना देता येतो हे सिद्ध झालेले आहे. आठवड्यात दोन दिवस भरणारा ‘जुना बाजार’ नावाचा बाजारही याच शहरात आहे. जागा नाही असे म्हणणे म्हणूनच मला पटत नाही. रविवारी महापालिकेच्या किती शाळांची मैदाने कुलूपबंद असतात हे कोणीही फेरी मारून पाहावे.

अशा बाजाराच्या अटी काय असाव्यात याबद्दल माझे विचार पक्के आहेत. फी दिवसाची असावी, ती बाजाराच्या दिवशीच घ्यावी, आणि बाजार पावसाने मोडला तर घेऊ नये. स्वतःच्या हाताने बनवलेल्या वस्तूच मांडता याव्यात आणि हे पाहण्यासाठी कागदपत्रांऐवजी दुसऱ्या कलावंतांचीच समिती असावी. कारण लिनोकट आणि यंत्राने छापलेली प्रत यांतला फरक मला एका नजरेत कळतो, तो पावत्या तपासणाऱ्या अधिकाऱ्याला कळणार नाही. जागा सोडत काढून द्याव्यात, आणि काही जागा पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात, नाहीतर पाच वर्षांत हा बाजारही वीस जुन्या नावांचा होऊन बसेल. स्वच्छ स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि लहान मुलाला घेऊन आलेल्या आईला बसता येईल अशी सावलीची जागा या सोयी चैनीच्या मानू नयेत. वसुलीचा ठेका मात्र लिलावाने देऊ नये. आठवडी बाजारातला तो दोष शहरात आणायचा नाही. खासगी आयोजकांकडून माझी मागणी वेगळी आहे: त्यांनी आगाऊ रक्कम निम्म्यावर आणावी आणि उरलेली विक्रीच्या ठरलेल्या टक्केवारीत घ्यावी. कलावंत विक्री लपवतील ही त्यांची भीती मला समजते, पण आज बहुतेक पैसे फोनवरून येतात आणि त्यांची नोंद आपोआप राहते. शिवाय आयोजकाचे उत्पन्न विक्रीशी बांधले गेले की तो जाहिरातीवर अधिक खर्च करील, आणि घाऊक मालाचे स्टॉल वाढले तर लोक यायचे थांबतील ही काळजी त्यालाही वाटू लागेल.

सार्वजनिक जागा कलेसाठी का द्यावी, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. भाजी गरजेची आहे, छापा नाही. याला माझे पहिले उत्तर असे की हे फुकट काही मागणे नाही. वापरलेल्या जागेची रास्त फी द्यायला कलावंत तयार आहे. मोटारी उभ्या करण्यासाठी शहर जी जागा नाममात्र दराने किंवा काहीच न घेता वापरू देते, तिच्या तुलनेत ही मागणी किती तरी विनम्र आहे. दुसरे उत्तर इतिहासातले आहे. १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना काढला आणि तिथले रंगीत शिलाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली चित्रे, मराठी घरांच्या भिंतींवर गेले. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि त्याच्या तैलरंगी छाप्यांनी देवघरांचे आणि माजघरांचे रूप बदलले. छापील चित्र विकत घेऊन घरात लावण्याची सवय मराठी माणसाला दीडशे वर्षांची आहे. फरक असा की ती चित्रे छापखान्यातून हजारोंनी निघत आणि आजची चित्रे एकट्या बाईच्या टेबलावर तीस-तीस निघतात. त्यांना छापखान्याचे भांडवल नाही, म्हणून त्यांना बाजाराची सोपी वाट हवी आहे. गिऱ्हाईक आहे. माझ्याकडून दर वर्षी एकच छापा घेणारे निवृत्त शिक्षक काका आहेत. सहा वर्षांत त्यांच्या जिन्यातली भिंत भरत आली आहे, आणि सातवा छापा ते माझ्या त्या पाणवठ्यांच्या मालिकेतला मागतात.

मोबाइलवर विका, असाही सल्ला मिळतो. तिथे मी विकतेही. पण कागदाचा पोत, शाईचा उठाव आणि छाप्याचा आकार पडद्यावर कळत नाही. काचेची फ्रेम कुरिअरमध्ये फुटते. आणि ज्याने आधी हातात घेऊन पाहिलेले आहे तोच पुढे फोनवरून मागवतो. बाजार हाच ओळखीचा पहिला उंबरठा आहे. राज्याबाहेर जायचे तर कागदपत्रांची आणखी एक पायरी लागते. पणजीला जाताना माल राज्याची हद्द ओलांडतो, आणि तिथे तात्पुरत्या विक्रेत्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागण्याचा नियम आहे. केंद्राने २०१७ साली, आणि मग २०१८ साली सुधारून, वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या हस्तकला विक्रेत्यांना त्यातून सूट दिली, पण माल कितीही कमी किमतीचा असला तरी त्यासाठी ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीचे ऑनलाइन कागदपत्र, काढणे बंधनकारक ठेवले. ही सूट आहे हेच माझ्या ओळखीतल्या बहुतेक कलावंतांना ठाऊक नव्हते. मलाही ते तिसऱ्या फेरीनंतर एका कर सल्लागाराकडून कळले. जिल्हा उद्योग केंद्रांनी मराठीत एक पानाची माहिती काढून प्रत्येक प्रदर्शनाच्या दारात ठेवली तरी अनेकांची भीती जाईल, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

यंदाचा अर्ज गेल्या गुरुवारी आला. नेहमीप्रमाणे पूर्ण रक्कम पंधरा जुलैपर्यंत मागितली आहे. मी अर्ज भरला आहे, आणि त्यासोबत एक पत्र जोडले आहे: निम्मे भाडे आता घ्या, उरलेले माझ्या विक्रीच्या पंधरा टक्क्यांत घ्या, माझ्या फोनवरच्या जमा रकमांची यादी आणि बिलबुक मी शेवटच्या रात्री तुमच्यासमोर ठेवीन, आणि पहिल्या दिवशी पावसाने मांडव बंद ठेवावा लागला तर त्या दिवसाचे भाडे धरू नका. त्या पत्रावर माझ्याबरोबर आणखी आठ जणींनी सह्या केल्या आहेत. उत्तराची वाट पाहताना मी चौथा ठसा खोदायला घेतला आहे.